बोंडअळीपलीकडची जनुके

बीटी कपाशीला 2002 मध्ये परवानगी मिळाली, तेव्हापासून आपली जनुकांची चर्चा बोंडअळीभोवतीच घुटमळते. विदर्भ-मराठवाड्यातली कोरडवाहू कपाशी मात्र पावसाच्या खंडानेही जाते. पाणी तुटले की झाडात ॲब्सिसिक आम्ल वाढते, पर्णरंध्रे मिटतात आणि डीआरईबीसारखी नियामक जनुके बचावाची यंत्रणा चालू करतात. त्याची वसुली वाढीतून होते: पात्या गळतात, बोंडे लहान राहतात.

डीआरईबी सतत चालू ठेवलेली प्रायोगिक रोपे खुजी राहतात. ताण आल्यावरच ते जागे होईल अशी सोय केली, तर खुजेपणा बराच टळतो, हे 1999 मध्येच दिसले. ती रोपे मोहरीच्या कुळातली होती, कपाशीची नव्हे. अमेरिकन कपाशीत तर दोन पूर्वजांचे जनुकसंच नांदतात, 52 गुणसूत्रे! एक जनुक बदलले तरी त्याचा जोडीदार तेच काम करत राहू शकतो.

म्हणून ‘दुष्काळाचे जनुक सापडले’ या बातमीवर बियाण्याची पाकिटे खपवू देऊ नयेत. प्रयोगशाळेतल्या कुंडीचे निष्कर्ष हलक्या जमिनीत, सलग काही हंगाम तपासले जावेत. नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे; काटक देशी वाणांपासून तिथे सुरुवात करता येईल. राज्यानेही त्यासाठी पैसा द्यावा.