'स्वयंसेविका' म्हणजे कोण?

निवृत्तीनंतर कलकत्त्यास मुक्काम पडला, आणि बालीगंजमधील एका वर्गात दर रविवारी इंग्रजी श्रवणाचा पाठ घेण्याचे काम माझ्याकडे आले. गेल्या खेपेचा विषय होता 'विकसनशील देशांतील स्वयंसेवा'. ध्वनिफितीतील विशीचा इंग्रज तरुण शिक्षणातून एक वर्षाची सुटी घेऊन कुठल्याशा गरीब देशात शाळा रंगवावयास जातो. विद्यार्थ्यांनी ऐकून रिकाम्या जागा भरावयाच्या: किती आठवडे, कोणते काम, काय अनुभव आला. त्या गावात मुळात कोण राहते, याला मात्र रिकामी जागाही ठेवलेली नाही!

वर्गापासून जवळच रासबिहारी अव्हेन्यूवर भारत सेवाश्रम संघाचे मुख्यालय आहे. पूर आणि वादळ आले की तेथील संन्यासी व स्वयंसेवक धावून जातात, हे बंगालमध्ये कोणालाही सांगावे लागत नाही. २००९ चे आयला आणि २०२० चे अम्फान पाहिलेल्या मुलांना आम्ही शिकवतो की स्वयंसेवक विमानाने येतो.

असो. खरा घाव पुढे बसला. कॅनिंग लोकलने येणारी एक मुलगी म्हणाली, "सर, माझी मा आशादिदी आहे. सरकारी कागदात तीही व्हॉलंटियरच. मग तिला सुटी केव्हा मिळते?"

वाचकहो, मी निरुत्तर झालो, कारण 'मानसेवी' हा शब्द मी स्वतः टिपणीत अनेकदा लिहिला आहे. त्याची सोय प्रशासनात सर्वांस ठाऊक असते. 'कर्मचारी' म्हटले की किमान वेतन, निवृत्तिवेतन, रजा हे सारे मागोमाग येते. 'स्वयंसेविका' म्हटले की मानधनावर भागते. २००५ मध्ये आशा योजना याच पायावर उभी राहिली. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने या महिलांना कामगार मानावे अशी शिफारस केली. ती शिफारसच राहिली. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. टाळ्यांना खर्च पडत नाही.

सरकारी बाजूने सांगितले जाते की हे काम दिवसातून दोन-तीन तासांचे, शिवाय समाजसेवेचे. बाळंतपण घड्याळ पाहून येते काय? आणि कामाच्या मोलाविषयी कोणास शंका असेल त्याने गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय व राणी बंग यांनी ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती काळजीचे शिक्षण दिले. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने छापला. पुढे तेच काम देशभर आशांकडे आले. २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत दवाखान्यात जन्मलेल्या बालकामागे सहा गृहभेटी आणि मोबदला २५० रुपये ठरला.

सेवाभावास माझा विरोध नाही. बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत घाम गाळणारी मुले स्वेच्छेने जातात आणि काही दिवसांनी घरी परततात. आशा परतत नाही. तिचे घर त्याच गावात असते आणि रात्रीबेरात्री दार तिचेच ठोठावले जाते. तिला स्वयंसेविका म्हणणे ही सरळ बचत आहे, आणि त्या बचतीच्या कागदावर माझ्यासारख्यांच्या सह्या आहेत.

येत्या रविवारी दुसऱ्या तुकडीला हाच पाठ द्यावयाचा आहे. ध्वनिफीत बदलणे माझ्या हाती नाही. प्रश्न मात्र मी काढतो. आकडे ऐकून लिहिण्याच्या सरावात पहिला प्रश्न घातला आहे: सहा भेटींचे २५०, तर एका भेटीचे किती?