नासाने टिपलेली दिवाळी

यंदाही तो आला. वसुबारसेला एकदा, धनत्रयोदशीला दोनदा आणि नरक चतुर्दशीच्या पहाटे, अंगाचं उटणं वाळायच्या आत, मामांकडून. काळ्याशार पाटीवर भारताचा नकाशा आणि त्यावर पांढरे, निळे, हिरवे, लाल ठिपके, रांगोळीचा डबा लवंडल्यासारखे. खाली मजकूर नेहमीचाच. दिवाळीच्या रात्री अंतराळातून आपला देश असा दिसतो, फोटो नासाने टिपला आहे, अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा. घरच्या ग्रुपवर आम्ही अठ्ठावीस जण आहोत. फराळाची पहिली चकली मोडायच्या आत बावीस जणांनी हात जोडले होते.

या सदरात मी आकाशाबद्दल लिहिते हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे ग्रहण आलं, धूमकेतू आला की ‘खरं का गं हे?’ असा फोन येतो. या फोटोबद्दल मात्र कुणी काही विचारत नाही. विचारायचं काय? डोळ्यांना दिसतंय की!

तर त्या चित्राची जन्मकथा. अमेरिकेच्या हवाई दलाचे डीएमएसपी नावाचे हवामान उपग्रह होते. त्यांचं काम ढग बघायचं, तेही रात्री, चांदण्याच्या उजेडात. त्यासाठी त्यांचा डोळा फार हळवा केलेला होता. इतक्या हळव्या डोळ्याला ढगांबरोबर गावोगावचे दिवेही दिसू लागले. ज्यांना ढग हवे होते त्यांच्या दृष्टीने ही अडगळच. पण अमेरिकेच्या ‘नोआ’ या हवामान आणि महासागर संस्थेतल्या ख्रिस एल्व्हिज या शास्त्रज्ञाने तीच जपली, वेगवेगळ्या वर्षांच्या दिव्यांच्या नोंदी एकमेकींवर ठेवल्या आणि त्यांना रंग दिले. १९९२च्या आधीपासून दिसणारे दिवे पांढरे, १९९२मध्ये दिसू लागलेले निळे, १९९८चे हिरवे आणि २००३चे लाल.

म्हणजे आपण दरवर्षी हात जोडतो ती एक रात्र नसून दहाएक वर्षांची गोधडी आहे. ढगाळ रात्री कापून टाकायच्या, उरलेल्या शिवायच्या, वर रंगीत दोरा घालायचा. दिवाळीच्या चार रात्री त्यात असल्याच तर वर्षभराच्या इतर रात्रींमध्ये विरघळून गेलेल्या. शिवाय चित्र नासाचंही नाही.

गंमत म्हणजे हे सांगायला शेवटी नासालाच पुढे यावं लागलं. २०१२च्या दिवाळीत, १२ नोव्हेंबरला, सुओमी एनपीपी या उपग्रहाने घेतलेलं भारताचं रात्रीचं खरं चित्र त्यांनी प्रसिद्ध केलं. ते फिकट, करड्या रंगाचं आहे. दिल्ली, मुंबई, गंगेच्या काठची शहरं, मधला बराच अंधार. कुठल्याही मंगळवारी रात्री दिसावं तसं. सोबत खुलासा होता की दिवाळीमुळे वाढणारा उजेड इतका थोडा असतो की अंतराळातून तो बहुधा जाणवणारही नाही. हे चित्र मी एकदा ग्रुपवर टाकलं. एक अंगठा आला, तोही माझ्या नवऱ्याचा.

पणती वरून का दिसत नाही, हे खरं तर आपल्याला घरातूनच कळायला हवं. हा उपग्रह आपल्या डोक्यावरून जातो मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास. त्या वेळी आपल्या अंगणात काय चालू असतं? पणत्या कधीच्या विझलेल्या असतात, वातीचं काळं टोक तेवढं तेलात पडलेलं. फटाक्यांचा आवाज विरलेला, धूर मात्र खाली बसलेला. जागा असतो तो एक आकाशकंदील, त्याचाही दिवा बंद करायला कुणीतरी उठणार असतं, कारण बिल येतं.

सणाचा उजेड वरून मुळीच मोजता येत नाही, असंही नाही. याच उपग्रहाच्या रोजच्या नोंदी वापरून नासाच्या शास्त्रज्ञांनी २०१४मध्ये दाखवून दिलं की नाताळ ते नववर्षाच्या दिवसांत अमेरिकेतल्या अनेक मोठ्या शहरांभोवतीचा उजेड २० ते ५० टक्क्यांनी वाढतो, आणि मध्यपूर्वेतल्या काही शहरांत रमजानच्या महिन्यात ५० टक्क्यांहूनही अधिक. पण तिथे विजेच्या माळा रात्रभर आणि आठवडेच्या आठवडे जळतात, रमजानच्या रात्री तर जागण्याच्याच असतात. तरीही हा फरक आकडेमोडीतून काढावा लागला. नुसतं चित्र समोर धरून ‘बघा, नाताळ!’ असं म्हणता येत नाही.

आपल्या भागातले एक दिवे मात्र वरून बघणाऱ्याला रंगासकट ओळखता येतात. अंतराळ स्थानकावरून ऑगस्ट २०११मध्ये काढलेल्या फोटोत भारत-पाकिस्तान सीमा एखाद्या केशरी दोऱ्यासारखी लखलखते, कारण कुंपणाच्या कडेने प्रखर दिवे लावलेले आहेत. ‘वरून पाहिलं की सीमा पुसल्या जातात’ असं भाषणात म्हणणाऱ्यांनी तो फोटो जरूर पाहावा. दारातली पणती वर पोचत नाही, कुंपणाचा दिवा पोचतो.

मग हे दिवाळीचं चित्र मरत का नाही? खोटं सांगणाऱ्यांपेक्षा ते मानणाऱ्यांचं मला जास्त कुतूहल आहे. आपण इतका जीव ओतून चार दिवस दिवे लावतो, तर ते कुणीतरी वरून पाहिले असावेत असं वाटणं स्वाभाविक आहे. पूर्वी ते काम देवाकडे होतं, आता नासाकडे आलंय. शिक्का बदलला, भाव तोच.

हे एकट्या आपलंच नाही. चंद्रावरून चीनची भिंत दिसते, हे तुम्ही-आम्ही शाळेत कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलंच आहे. चीनमध्ये तर ही गोष्ट शाळेच्या पुस्तकातच होती. ऑक्टोबर २००३मध्ये यांग लिवेई हा त्यांचा पहिला अंतराळवीर पृथ्वीला चौदा फेऱ्या घालून परत आला. भिंत दिसली का, हा प्रश्न त्याला विचारला जाणारच होता. नाही दिसली, तो म्हणाला. चंद्र राहिला दूर, साडेतीनशे किलोमीटरवरूनही नाही. हजारो किलोमीटर लांब असली तरी ती रुंदीला जेमतेम काही मीटर आहे आणि रंगाला आसपासच्या मातीसारखीच. मग पाठ्यपुस्तकातला तो मजकूर बदलण्याची वेळ आली. पुढच्या वर्षी लिरॉय चियाओ या अमेरिकी अंतराळवीराने स्थानकावरून टेलिफोटो लेन्सने काढलेल्या फोटोत तिचा एक तुकडा ओळखला गेला, पण आपण नेमकं काय टिपलंय याची खुद्द फोटो काढणाऱ्यालाही खात्री नव्हती. एका खऱ्या उत्तरासाठी पुस्तकाचं पान फाडणाऱ्या माणसापेक्षा, उत्तर देणाऱ्या यांग लिवेईचं मला कौतुक वाटतं. एवढ्या मोठ्या देशाच्या तोंडावर ‘नाही’ म्हणायला छाती लागते.

आपल्या राकेश शर्मांना १९८४च्या एप्रिलमध्ये इंदिरा गांधींनी विचारलेला प्रश्न त्याच जातीचा होता. वरून भारत कसा दिसतो? शर्मांनी इक्बालच्या ओळीने उत्तर दिलं आणि ते आजही सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच मुक्कामात सल्यूत-७ वरून त्यांनी आपल्या भूमीचे भराभर फोटो काढले होते. एकाच जागेचे वेगवेगळ्या रंगपट्ट्यांतले, जंगल, पाणी आणि खनिजांच्या अभ्यासासाठी. ते फोटो कसे होते हे विचारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

अंतराळातून काढलेल्या फोटोकडे माणसं दोन तऱ्हांनी बघतात असं मला वाटतं. पहिली तऱ्हा भारावण्याची. ७ डिसेंबर १९७२ रोजी अपोलो-१७च्या यात्रींनी सुमारे २९ हजार किलोमीटरवरून काढलेला पृथ्वीचा तो निळा गोळा आठवा. पोस्टरवर, वहीच्या मुखपृष्ठावर, पर्यावरणदिनाच्या फलकावर जो असतो तो. मूळ फोटोत अंटार्क्टिका वर होती. छापताना तो उलटा फिरवला, म्हणजे आपल्या सवयीला सुलटा केला. आफ्रिका, अरबस्तान सगळे ओळखतात. वर उजव्या कडेला मात्र एक पांढरा भोवरा आहे, तिकडे कुणाची नजर जात नाही. ते तामिळनाडूवर आलेलं चक्रीवादळ आहे. दोनच दिवस आधी, ५ डिसेंबरला, ते किनाऱ्यावर धडकलं होतं. सारं जग ज्या फोटोला ‘किती शांत, किती एकटी आपली पृथ्वी’ म्हणालं, त्याच फोटोत कडेला आपल्याकडची माणसं पुरात उभी आहेत.

दुसरी तऱ्हा शेतकऱ्याची. १९८३मध्ये इन्सॅट-१बी वर गेला आणि पुढे दूरदर्शनच्या बातम्यांनंतर ढगांचं ते करडं चित्र घराघरात आलं. माझे आजोबा त्या चित्राला कधी सुंदर म्हणाल्याचं आठवत नाही. ते खुर्ची पुढे ओढायचे आणि म्हणायचे, ‘आपल्याकडं कवा?’ पडद्यावर आपला जिल्हा म्हणजे पावट्याच्या दाण्याएवढा, तरी त्यांचं बोट बरोबर तिथे जायचं. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धनच्या माझ्या मैत्रिणीने आदल्या रात्री त्या फिरत्या पांढऱ्या चक्राकडे असंच पाहिलं. रंग, सौंदर्य, मानवजात वगैरे काही तिच्या मनात आलं नाही. ‘मधलं भोक आमच्यावर येतंय का तेवढं सांग.’

मला ही दुसरी तऱ्हा जास्त पटते. पण तीही फसते कधीकधी. त्याच जून महिन्यात लोणारचं सरोवर गुलाबी झालं. उपग्रहाच्या चित्रांत मेअखेर हिरवट दिसणारं पाणी १० जूनला गुलाबी दिसत होतं. नासाने ती चित्रं शेजारी शेजारी छापली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासलं आणि मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग असल्याचं सांगितलं. मी चित्र ग्रुपवर टाकलं. ‘फिल्टर लावलाय,’ भावाने लिहिलं. बाकीच्यांनी हसरे चेहरे टाकले. खोट्या दिवाळीला बावीस हात जोडणारं घर हे. नासाचा शिक्का होता, महाराष्ट्रातलं ठिकाण होतं, तरी चाललं नाही, कारण त्या गुलाबी पाण्यात आपलं कौतुक कुठेच नव्हतं.

भाऊबीजेला मामा आले. जेवणं झाल्यावर मी त्यांना ते रंगीत चित्र काढायला लावलं आणि कुठला रंग कुठल्या सालाचा ते सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. पण त्यांनी चष्मा वर सरकवला. ‘म्हंजे लाल हाय तिथं आधी अंधार हुता?’ हो, निदान वरून दिसण्याइतका उजेड नव्हता. ‘मग ह्ये दिवाळीपरीस भारीच की गं!’

अगदी. २००१च्या जनगणनेत देशातल्या साधारण ५६ टक्केच घरांत दिवाबत्तीला वीज होती, २०११मध्ये ती ६७ टक्क्यांवर गेली. देशातल्या शेवटच्या गावात वीज पोचल्याचं सरकारने जाहीर केलं ते २०१८च्या एप्रिलमध्ये. चित्रातला प्रत्येक लाल ठिपका म्हणजे घरातला दिवाच, असं नाही. तो हमरस्त्यावरचा पेट्रोलपंप असेल, एमआयडीसी असेल, शहराबाहेर नव्याने उठलेल्या इमारती असतील. पण चार दिवसांनी विझणारा नाही, लागला तो लागलेला दिवा आहे.

‘आपली वाडी कंच्या रंगात?’ मामांनी विचारलं.

मामांची वाडी पाटण तालुक्यात, कोयनेच्या अंगाला. साठच्या दशकात कोयनेची वीज मुंबईकडे निघाली, आणि मामा दहावीपर्यंत चिमणीच्या उजेडात शिकले. वाडीत खांब आले १९९४ साली. म्हणजे हिशेबाने हिरवा, मी म्हटलं, पण मामा, चाळीस बल्बांचा उजेड त्या उपग्रहाला दिसत नसतो. त्यांनी ऐकलं नाही. दोन बोटांनी चित्र ताणत ताणत साताऱ्याच्या पश्चिमेला आणलं, ते फाटून नुसते चौकोन उरले तरी ताणत राहिले.

‘हिरवा वाडीचा,’ ते म्हणाले. ‘आमचा लाल. आमच्यात लाइट २००२ला आली.’

वाडीत वीज आल्यावर आठ वर्षांनी?

‘मग? मधला खांब भावकीच्या बांधावर पडत हुता. थोरल्या चुलत्यानं वायरमनला आत पाऊल टाकू दिलं न्हाई. त्याच्या वट्यावर बल्ब, आन् आमी पलीकडं चिमणी लावून बसायचो.’ मामांनी करंजी उचलली. ‘त्यो गेला, मग तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी खांब रवला. तुझ्या मामीला इचार, तीच वायरमनला च्या घिऊन गेली हुती.’