टॅपेटची टकटक

मुलांनो, तुमच्या घरी मोटरसायकल आहे ना? उद्या सकाळी गार गाडी चालू झाली, की जरा कान देऊन ऐका. फट्‌फट् हा झाला सायलेन्सरचा आवाज. त्याच्या आड आणखी एक बारीक आवाज असतो. टिक टिक टिक टिक! आजीच्या शिवणयंत्रासारखा. तोच वाढून टक टक टक असा व्हायला लागला, की बाबा म्हणतात, "टॅपेट वाजतायत, गाडी गॅरेजला टाकायला हवी." (तुमच्याकडे विजेची स्कूटर असेल, तर शेजारच्या काकांच्या गाडीपाशी जा. विजेच्या गाडीत हा प्रकारच नाही.)

परवा आमच्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "गुरुजी, टॅपेट म्हणजे काय हो? आणि वाजतो तर त्याला कायमचा गप्प का करत नाहीत?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं उत्तर मी एकदा चुकीचं दिलं होतं. तोंडाने नाही, पान्याने! ते पुढे सांगतोच.

फोर-स्ट्रोक इंजिनाला दोन दारं असतात. एकातून पेट्रोलची वाफ आणि हवा आत येते, दुसऱ्यातून जळका धूर बाहेर जातो. या दारांना म्हणायचं व्हॉल्व्ह. दिसायला थेट अळंबीसारखा, लांब दांडा आणि चपटं डोकं. एक जाड स्प्रिंग त्याला घट्ट मिटून धरते. मग उघडतो कोण? आत कॅम नावाचा दांडा फिरतो, त्याला एका बाजूला उंचवटा असतो. उंचवटा आला, की तो रॉकरचं एक टोक उचलतो. रॉकर म्हणजे तुमच्या बागेतली सी-सॉच समजा. एक टोक वर गेलं, की दुसरं खाली येतं आणि व्हॉल्व्हच्या दांड्याला दाबतं. दार उघडलं! इंजिन मिनिटाला ६००० फेरे मारत असेल, तर प्रत्येक दार मिनिटाला ३००० वेळा उघडतं, म्हणजे सेकंदाला ५० वेळा. तुम्ही 'एक' म्हणेपर्यंत पन्नासदा.

रॉकरच्या त्या टोकाला एक छोटा स्क्रू असतो. दार मिटलेलं असताना हा स्क्रू आणि व्हॉल्व्हचा दांडा यांच्यामध्ये मुद्दाम फट ठेवलेली असते. शंभर सीसीच्या बऱ्याच गाड्यांत ती साधारण ०.०५ ते ०.१० मिलिमीटर असते. हे केवढं? वहीचे शंभर कागद (पानं नव्हे हं, कागद!) एकावर एक दाबून ठेवा आणि पट्टीने मोजा. साधारण एक सेंटिमीटर भरेल. म्हणजे एक कागद ०.१ मिलिमीटर. तर ही फट कागदाएवढी, नाहीतर त्याच्याही निम्मी.

आता फट हवीच कशाला? बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना पाहिलंय कुणी? आधी ती लालभडक तापवतात. तापली की पसरते आणि चाकावर बसते. लोखंड तापलं की वाढतं. धुराच्या दारचा व्हॉल्व्ह तर कित्येकशे अंशांपर्यंत तापतो. तो लांब होतो. त्याला लांब व्हायला जागा नसेल, तर दांडा स्क्रूवर टेकतो आणि दार नीट मिटतच नाही. ही जागा म्हणजेच ती फट. पुढे गाडी चालून चालून स्क्रूचं टोक, रॉकर, कॅम झिजतात, फट वाढते, आणि स्क्रू लांबून येऊन दांड्यावर आपटतो. हीच आपली टकटक.

आता माझी गोष्ट. २०१९ साली मी वाईला राहत होतो. माझी गाडी टकटक करायची आणि मला त्याची भारी लाज वाटायची. एका रविवारी मी स्वतःच झाकणं उघडली आणि स्क्रू आवळले. अंदाजाने! आवाज संपेपर्यंत. शेजारी म्हणाले, "वा गुरुजी, गाडी अगदी नवी झाली!" मीही फुशारलो. गाडी सकाळी झटक्यात चालू व्हायची, पण तापली की बंद पडायची. मी म्हटलं, पेट्रोलात कचरा असेल.

काही आठवड्यांनी शिष्यवृत्तीच्या परीक्षेच्या दिवशी पसरणी घाट चढत होतो. मुलं पाचगणीला केंद्रावर थांबलेली, आणि सातजणांची प्रवेशपत्रं माझ्या पिशवीत. अर्ध्या घाटात गाडीचा जोर गेला. किक मारली, तर पाय लोण्यात गेल्यासारखा खाली! एका टेम्पोवाल्याने मला वर नेलं. घंटेला चार मिनिटं होती. एक पोरगी रडून रडून लाल झाली होती. तिचा तो चेहरा मला अजून दिसतो.

मिस्त्रीकाकांनी इंजिन उघडलं. धुराच्या वाटेत थोडं पेट्रोल ओतलं, तर ते मिटलेल्या व्हॉल्व्हच्या कडेने पाझरू लागलं. व्हॉल्व्ह बाहेर काढला, तर उंदराने भाकरी कुरतडावी तशी त्याची कड एका जागी खाल्लेली. काका म्हणाले, "गुरुजी, दार मिटतं तेव्हाच त्याला गारवा मिळतो. कडेची बैठक त्याची उष्णता ओढून घेते. तुम्ही त्याला टेकूच दिला नाही. वाजणारा टॅपेट निदान सांगतो तरी. हा बिचारा मुकाट्याने जळला." नवा व्हॉल्व्ह घातला, तो बैठकीवर पेस्ट लावून घासून बसवला. त्या महिन्याचा माझा हिशेब पार कोलमडला.

मग काकांनी मला ते काम शेजारी बसवून दाखवलं. गाडी रात्रभर गार झालेली हवी. प्लग काढायचा. इंजिन पान्याने हळूहळू फिरवून आतल्या चाकावरची 'टी'ची खूण समोरच्या खुणेला जुळवायची. आता दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलले पाहिजेत. घट्ट लागले, तर आणखी एक पूर्ण फेरा द्यायचा, कारण खूण दोनदा जुळते आणि आपल्याला त्यातली एकच वेळ हवी असते. मग फीलर गेजची, म्हणजे मोजून बनवलेल्या पोलादी पट्ट्यांची, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या जाडीची पट्टी फटीत सरकवायची. बंद वहीतून नोट ओढताना लागतो, तेवढाच अडसर लागला पाहिजे. नसेल, तर लॉकनट सैल करून स्क्रू फिरवायचा, स्क्रू धरून ठेवून नट आवळायचा, आणि पट्टी पुन्हा घालून पाहायची. काकांनी ही शेवटची पट्टी तीनदा घालायला लावली. नट आवळताना स्क्रू चोरपावलांनी हलतो, म्हणाले.

मुलांनो, हे काम मोठ्यांच्या शेजारी बसून नुसतं बघा, हात घालू नका. आणि बाबा-काकांनो, गॅरेजमध्ये "आवाज अजिबात नको" असं सांगू नका. "पुस्तिकेप्रमाणे फट ठेवा" असं सांगा.

माझी गाडी आजही टिक टिक करते. फाटकापाशी ती ऐकू आली, की वर्गात बाकांवर उभी असलेली सगळी मंडळी पटापट खाली बसतात, असं मला कळलंय. कोण कोण ते मला ठाऊक आहे!