वेताळाचे वतन आणि बहादूरचे दल

टाइम्स समूहाने मार्च १९६४मध्ये मुंबईतून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले आणि पुढे ली फॉकचा चित्रकथानायक वेताळ मराठीही बोलू लागला. मुलुंड-घाटकोपरच्या रद्दीच्या दुकानांतून हे अंक हातोहात फिरले. त्या पिढीला वेताळाच्या घराण्याचा इतिहास शाळेतल्या सनावळ्यांपेक्षा पक्का पाठ असे. १५३६ साली चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला गोरा तरुण वडिलांच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतो आणि बापामागून मुलगा मुखवटा चढवत एकविसावा वेताळ उभा राहतो. जंगलाला वाटते, हा एकच अमर पुरुष. युक्ती फर्मास आहे, पण चार शतकांत जंगलातल्या एकाही माणसाच्या वाट्याला तो मुखवटा येत नाही. बांदर टोळी पहिल्या वेताळाचा जीव वाचवते, पुढच्या सगळ्यांचे गुपित सांभाळते. राखणदारी मात्र एका गोऱ्या घराण्याचे वतन. भारतीय वाचकाला काय बोचेल याचा विचार इंद्रजालच्या संपादकांनी केला होता. त्यांनी वेताळाच्या देशाचे नाव ‘बेंगाली’चे ‘डेंकाली’ केले, ‘रामा’ या खलनायकाचा ‘रामालू’ केला. नावे बदलली, वतनाला हात लागला नाही.

वीरांच्या कोणत्याही जथ्याचा इतिहास वाचताना, त्यात शिरकाव कोणाला मिळतो हे आधी पाहावे. अमेरिकेतल्या ‘एक्स-मेन’ चित्रकथेने १९७५मध्ये केनिया, रशिया, जर्मनीच्या वीरांना दारे उघडली खरी, पण अट जन्मजात शक्तीचीच राहिली. नंतरच्याच वर्षी इंद्रजालमध्ये आबिद सुरतींचा ‘बहादूर’ आला. चंबळच्या दरोडेखोरांनी जयप्रकाश नारायणांपुढे शस्त्रे ठेवली त्याला तेव्हा चारच वर्षे झाली होती. बहादूर दरोडेखोराचा मुलगा. बाप पोलिसांच्या हातून मेलेला. सूड घ्यायचा सोडून तो जयगडमध्ये नागरिक सुरक्षा दल उभारतो. त्यात यायला ना अलौकिक शक्ती लागते ना घराणे. बापाचा वारसा नाकारून नायक झालेला हा गडी मला एकवीस वेताळांहून मोठा वाटतो.

गावकऱ्यांनी बंदुका घेणे म्हणजे खासगी सेनेची भलामण नव्हे का, ही शंका रास्त आहे. मात्र सुरतींनी दलाला पोलिस अधिकारी विशालची साथ दिली. कायद्याला बगल देणे हा त्या कथांचा सूर नाही. दुबळेपणा दुसरीकडे आहे: दलातले बाकीचे गावकरी बहुतेक बिनचेहऱ्याचे राहिले आणि पराक्रम एकट्या नायकाचा झाला. (पुढे खुद्द सुरतींनी २००७पासून मीरा रोडला घरोघरी गळके नळ दुरुस्त करायला घेतले, तिथे तरी नायक प्लंबर सोबत नेतो.) पोरांच्या चित्रकथेत एवढे कशाला शोधायचे, असेही कोणी म्हणेल. मग संपादकांनी नावे कशाला बदलली असती?

इंद्रजाल १९९०मध्ये बंद पडले. मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघासारख्या ग्रंथालयांनी त्याचे मराठी अंक मिळतील तिथून मिळवावेत आणि बालविभागात न ठेवता संदर्भ विभागात ठेवावेत. वाचकांच्या माळ्यांवर ते अजून सापडतील.