मोदकाचे माप आणि प्रतिसादाचे माप

गणेशचतुर्थी जवळ आली की घरोघरी मोदकपात्र माळ्यावरून खाली उतरते आणि तांदळाच्या पिठीची विचारपूस सुरू होते. अलीकडे या तयारीत आणखी एका वस्तूची भर पडली आहे. ओट्याच्या कडेला मोबाइल टेकवून ठेवलेला असतो आणि उकड, सारण, पारी यांचे चित्रण चाललेले असते. या नव्या प्रथेकडे केवळ नाक मुरडून पाहणे आम्हांस योग्य वाटत नाही. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७० पासून वाटी-चमच्याचे माप हाती देऊन असंख्य नवगृहिणींना धीर दिला. जे काम त्या काळी पुस्तकाने केले, तेच आज चित्रफीत करीत आहे.

अशी चित्रफीत आपलीशी का वाटते, हे २०२० मध्ये दिसून आले. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासार येथील सुमन धामणे या वयोवृद्ध बाईंनी नातवाच्या साहाय्याने 'आपली आजी' ही यूट्यूब वाहिनी चालविली आणि ती लाखो लोकांपर्यंत पोहोचली. तेथे थाटमाट नव्हता; होते ते साधे स्वयंपाकघर आणि घरचे बोलणे. प्रेक्षकाला त्यात स्वतःची आजी दिसली.

परंतु चित्रफीत प्रसृत होताच आकड्यांचा खेळ सुरू होतो. समजा, ती दहा हजार लोकांसमोर आली. तीनशेंनी पसंती दिली, साठ जणांनी अभिप्राय लिहिला, चाळीस जणांनी ती इतरांस पाठविली आणि शंभरांनी जपून ठेवली. एकूण पाचशे, म्हणजे प्रतिसाद शेकडा पाच. हिशेब सोपा आहे, पण यातील प्रत्येक एकाचे मोल सारखे नव्हे. पसंतीस बोटाचा एक स्पर्श पुरतो. जपून ठेवणाऱ्याच्या मनात मात्र मोदक करून पाहण्याचा संकल्प असण्याचा संभव अधिक.

शिवाय मोजण्याची रीतही बदलत असते. यूट्यूबने २०१२ मध्ये केवळ किती वेळा पाहिले यापेक्षा किती वेळ पाहिले यास महत्त्व दिले. उलट मार्च २०२५ च्या अखेरीपासून तेथील छोटी चित्रफीत नुसती सुरू झाली तरी ती पाहिली गेली, असे धरले जाते. कोणत्या क्षणी किती प्रेक्षक उरले, याचा आलेखही करणाऱ्यास दिसतो. खरा धोका येथेच आहे. उकडीला वाफ येईपर्यंत झाकण ठेवून थांबणे, ती गरम असतानाच तेलपाण्याच्या हाताने मळणे, ही कामे वेळखाऊ. आलेख तेथे घसरतो, म्हणून कात्री तेथेच चालते. पाहणाऱ्या सुनेला शेवटी सुबक मुखऱ्यांचा मोदक दिसतो आणि तिच्या हातची पारी मात्र फुटते. दोष आपल्याच हाताचा, असे समजून ती पुढल्या वर्षी तयार मोदक आणते. आकडा वाढला, पण एका घरातील परंपरा तुटली, असे होऊ द्यायचे काय?

म्हणून चित्रफीत करणाऱ्या भगिनींना आमची विनंती आहे, की फुटलेला मोदकही दाखवावा. उकड कोरडी पडली तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळावी, हेही सांगावे. अभिप्रायांत 'छान' किती आले यापेक्षा 'आमचे जमले', 'आमचे येथे अडले' असे किती आले ते मोजावे. जी चित्रफीत आपली चूक लपवीत नाही, तीच खऱ्या अर्थाने आपलीशी होते.

आणि एक गोष्ट भाविक घरांनी विसरू नये. नैवेद्य दाखविण्यापूर्वी आपण पदार्थाची चवही घेत नाही; कारण तो प्रथम देवाचा असतो. मग पाने वाढलेली असताना, वाफाळते मोदक निवत असताना, चांगले चित्र मिळावे म्हणून आरती खोळंबावी हे उचित नव्हे. चित्रण स्वयंपाकघरात खुशाल व्हावे. देवापुढे मात्र मोबाइल बाजूस ठेवावा. तेथे वाहिलेल्या एकवीस मोदकांचा हिशेब कोणत्याही आलेखात उमटत नाही, आणि उमटण्याची गरजही नाही.