नदी एक झाली, नळ कुठे अडला?

युरोपातील नद्यांना २०२७ ही शेवटची मुदत देण्यात आली आहे. युरोपीय संघाने २३ ऑक्टोबर २००० रोजी 'वॉटर फ्रेमवर्क डायरेक्टिव्ह' हा पाण्याविषयीचा पायाभूत कायदा केला. नद्या, तलाव, किनारे आणि भूजल २०१५ पर्यंत 'चांगल्या स्थितीत' आणण्याचे बंधन त्याने सदस्य देशांवर घातले. ते साधले नाही, म्हणून मुदत आधी २०२१ आणि मग २०२७ पर्यंत लांबली. युरोपीय पर्यावरण संस्थेच्या २०२४ च्या अहवालानुसार परिसंस्थेच्या कसोटीवर तेथील फक्त ३७ टक्के भूपृष्ठजल उतरते आणि रासायनिक कसोटीवर २९ टक्के. म्हणजे ही मुदतही बहुतेक ठिकाणी हुकणार, हे उघड आहे.

फुले-शाहू-आंबेडकरी चळवळीच्या दैनिकात र्‍हाईन आणि डॅन्यूब कशाला, असा प्रश्न आमचे काही वाचक विचारतील. त्याला दोन उत्तरे आहेत. एक, हा युरोपीय नमुना आमच्या दारात आलेला आहे. ३० मार्च २०१६ रोजी ब्रुसेल्स येथील शिखर परिषदेत भारत आणि युरोपीय संघ यांच्यात जल भागीदारीची घोषणा झाली आणि तिच्यातून तापी खोर्‍याच्या नियोजनाचे काम हाती घेण्यात आले. दोन, पाणी हा आमच्या चळवळीचा पहिला रणसंग्राम आहे. पाण्याचा कायदा जगात कोठेही होवो, त्यात माणसाची जागा कोणती, हे तपासण्याचा अधिकार महाडच्या वारसदारांइतका दुसर्‍या कोणाला असणार?

आधी त्या कायद्यात घेण्यासारखे काय आहे ते पाहू. त्याच्या प्रास्ताविकाच्या पहिल्याच कलमात, पाणी ही बाजारातील इतर मालासारखी वस्तू नसून जपण्याचा वारसा आहे, असे तत्त्व मांडले आहे. त्याने जिल्हा, प्रांत, देश या सीमा बाजूला ठेवून नदीचे खोरे हा नियोजनाचा घटक मानला. दर सहा वर्षांनी प्रत्येक खोर्‍याचा आराखडा करावा लागतो. मसुदा लोकांपुढे ठेवून लेखी हरकतींसाठी किमान सहा महिने द्यावे लागतात. मोजमापाचा नियमही कडक आहे. मासे, वनस्पती, सूक्ष्म जीव, रसायने अशा अनेक कसोट्यांपैकी सर्वात वाईट उतरलेली कसोटी त्या पाण्याचा दर्जा ठरवते. सरासरी काढून घाण लपवता येत नाही.

या कायद्यामागे तंत्रज्ञांच्या सहकार्याचा मोठा इतिहास आहे. र्‍हाईन नदीच्या संरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय आयोग १९५० मध्ये स्थापन झाला. महायुद्ध संपून पाचच वर्षे झाली होती, तरी जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि स्वित्झर्लंड एका टेबलाभोवती बसले. पुढची पस्तीस वर्षे बैठका बर्‍याच झाल्या, नदी मात्र गटारच राहिली. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमधील बासेलजवळ सँडोज कंपनीच्या गोदामाला आग लागली. ती विझवताना वापरलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशके नदीत गेली आणि शेकडो किलोमीटरपर्यंत मासे मेले. लोक रस्त्यावर आले, तेव्हा १९८७ चा र्‍हाईन कृती कार्यक्रम झाला. नदीतून हद्दपार झालेला सामन मासा सन २००० पर्यंत परत आणायचा, असे साध्या माणसालाही समजेल असे उद्दिष्ट त्यात होते. प्रदूषणाची खबर वरच्या देशाने खालच्या देशाला तात्काळ द्यायची, यासाठी इशारा केंद्रांची साखळी मजबूत झाली. सामन परतला. तंत्रज्ञ तेच होते. जनमताचा रेटा आल्यावर त्यांच्या कागदात जीव आला.

डॅन्यूबच्या खोर्‍यात तर १९ देशांची जमीन येते. १९९४ च्या सोफिया करारान्वये तिचाही आयोग झाला. पण आम्हाला सर्वात बोलके वाटते ते तिची उपनदी सावा हिचे उदाहरण. युगोस्लाव्हिया फुटला तेव्हा सावेच्या काठावर भयंकर रक्तपात झाला. तरीही ३ डिसेंबर २००२ रोजी स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया-हर्झेगोविना आणि त्या वेळचा उर्वरित युगोस्लाव्हिया यांनी सावा खोर्‍याच्या करारावर सह्या केल्या. कालपर्यंत एकमेकांवर तोफा डागणार्‍या देशांचे अभियंते पुराचे आकडे एकमेकांना देऊ लागले.

हे वाचताना बौद्ध वाचकाला रोहिणी नदी आठवल्याशिवाय राहणार नाही. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणीच्या पाण्यावरून तंटा झाला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण याच तंट्यात दाखवले आहे. युद्ध नको, दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि निवाडा करावा, असा सिद्धार्थाचा प्रस्ताव होता. संघाने तो बहुमताने फेटाळला. नदी आयोगांचे तत्त्व यापेक्षा वेगळे काय आहे?

आणि खोरे हाच घटक मानायचा, हा विचारही आम्हाला युरोपकडून शिकण्याची गरज नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना बाबासाहेबांनी दामोदर खोर्‍याची बहुउद्देशीय योजना पुढे नेली, महानदीचा प्रश्न हाती घेतला आणि १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग उभा राहिला. नदी प्रांतांची हद्द पाळत नाही, म्हणून तिचे नियोजनही प्रांतात तोडू नये, हे त्यांचे धोरण होते. युरोपचा कायदा त्यानंतर पंचावन्न वर्षांनी आला. पाठ्यपुस्तके लिहिणार्‍यांनी हे कर्तृत्व किती सांगितले, हा वेगळा विषय आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू. युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेने २०१६ मध्ये नऊ देशांत रोमा समाजाची पाहणी केली, तेव्हा ३० टक्के रोमा लोकांच्या घरात नळाचे पाणी नव्हते. ज्या खंडात माशाच्या प्रकृतीची नोंद ठेवली जाते, त्याच खंडात ही स्थिती! रोमा हा युरोपातील सर्वात मोठा वांशिक अल्पसंख्याक समाज. शतकानुशतके गावकुसाबाहेर ठेवलेला. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून गेले, हे त्यांच्या भाषेवरून सिद्ध झाले आहे. रोमानी भाषेत आजही पाण्याला 'पानी' म्हणतात. शब्द टिकला, पाणी मिळाले नाही.

सावा करारावर सही करणार्‍या स्लोव्हेनियाचेच पाहा. या देशाने नोव्हेंबर २०१६ मध्ये घटनादुरुस्ती करून पिण्याच्या पाण्याचा हक्क राज्यघटनेत घातला. जगभर कौतुक झाले. त्याच वेळी रिब्नित्सा आणि श्कोत्सियान या पालिकांच्या हद्दीतील दोन रोमा वस्त्यांमधील कुटुंबांचा दावा स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात पडून होता. आम्हाला नळ नाही, संडास नाही, आणि हे आम्ही रोमा आहोत म्हणून आहे, अशी त्यांची तक्रार होती. सरकारचे म्हणणे असे की वस्त्या परवानगीशिवाय उभ्या आहेत, पालिकांनी पर्यायी सोय केली आहे आणि या कुटुंबांना सामाजिक भत्ते मिळतात.

१० मार्च २०२० रोजी निकाल लागला. दीर्घकाळ पाणी नसेल तर आरोग्याला आणि मानवी प्रतिष्ठेला बाधा येते, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु पाण्याचा हक्क हा स्वतंत्रपणे युरोपीय करारात संरक्षित नाही, शासनाने काही पावले उचलली आहेत, आणि भत्त्याच्या पैशातून ही कुटुंबे आपली स्थिती सुधारू शकली असती, असे म्हणून हक्कभंग झालेला नाही असे ठरवले. भेदभावाचा मुद्दाही टिकला नाही.

वकील म्हणून आम्हाला हा निकाल पटत नाही. पाण्याची वाहिनी टाकणे हे सार्वजनिक काम आहे. भत्त्यावर जगणार्‍या कुटुंबाने ते स्वतःच्या खिशातून करावे, ही अपेक्षा शेजारच्या गावातील इतर नागरिकांकडून कोणी केली होती काय? आणि वस्ती बेकायदा म्हणायची, तर त्या समाजाला कायदेशीर जमीन कोणी मिळू दिली नाही, हा प्रश्न आधी यावा लागतो. या मुद्द्यावर आमचे मुंबई उच्च न्यायालय स्ट्रासबर्गच्या पुढे आहे. पाणी हक्क समिती विरुद्ध बृहन्मुंबई महानगरपालिका या खटल्यात डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले, की झोपडी अनधिकृत असली तरी तिच्यात राहणार्‍याचा पाण्याचा हक्क संपत नाही, कारण तो घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे. अंमलबजावणी कशी झाली, ते मुंबईच्या वस्त्यांतील आमच्या भगिनींना विचारा. पण तत्त्व नि:संदिग्ध आहे.

कागदावरचा हक्क आणि ओंजळीतले पाणी यांच्यामधले अंतर आम्हाला नवे नाही. बोले ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठरावही केला. तीन वर्षे तो ठराव दप्तरात पडून राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह पाण्याला हात लावला, तेव्हा लाठ्या चालल्या, आणि ऑगस्टमध्ये पालिकेने आपला ठरावच रद्द केला. न्यायालयीन लढाई १७ मार्च १९३७ च्या उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत चालली. अस्पृश्यांना रोखण्याची अनादी रूढी विरोधकांना सिद्ध करता आली नाही. म्हणूनच संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आहे. 'सर्वांना पाणी' एवढे म्हणून भागत नाही, ज्याला नाकारले जाते त्याच्यासाठी कायद्यात स्वतंत्र वाक्य लागते, हे महाडने शिकवले.

युरोपला हे उशिरा उमगले. तेथील सार्वजनिक सेवांमधील कामगार संघटनांनी पाण्याच्या खाजगीकरणाविरुद्ध 'राइट टू वॉटर' ही मोहीम चालवली आणि २०१३ मध्ये १६ लाखांहून अधिक सह्या दाखल केल्या. युरोपीय नागरिक पुढाकाराच्या तरतुदीखाली यशस्वी झालेली ही पहिली मोहीम. तिचा परिणाम म्हणून डिसेंबर २०२० मध्ये पिण्याच्या पाण्याचा सुधारित कायदा झाला. त्याच्या कलम १६ नुसार ज्यांना पाणी मिळत नाही असे लोक कोण आणि का, हे सदस्य देशांनी शोधायचे आणि दुर्बल व परिघावरील गटांना पाणी पोहोचवण्याची पावले उचलायची आहेत. स्थानिक परिस्थितीच्या नावाखाली पळवाटा ठेवलेल्या आहेत, हे खरे. तरीही वंचितांची मोजदाद करण्याचे बंधन कायद्यात आले. वीस वर्षे मासे मोजल्यानंतर माणसे मोजायची सुरुवात झाली.

हाच धडा तापीला लावायचा आहे. मध्य प्रदेशातील मुलताईला उगम पावून महाराष्ट्रातून गुजरातेत समुद्राला मिळणारी ही नदी. जळगाव, धुळे, नंदुरबार आणि पूर्णेमुळे अकोला-बुलढाणा-अमरावतीचा मोठा भाग तिच्या खोर्‍यात येतो. जर्मनीच्या जीआयझेड संस्थेच्या सहाय्याने तेथे युरोपीय पद्धतीचे खोरे नियोजन आणले जात आहे. त्याला आमचा विरोध नाही. तीन राज्यांचे अभियंते एकत्र बसत असतील तर चांगलेच आहे. पण त्या बैठकीत भिल्ल-पावरा पाड्यातील बाई कोठे आहे? बौद्धवाड्यातील भूमिहीन शेतमजूर कोठे आहे?

आमच्या राज्यात सिंचनाचे व्यवस्थापन शेतकर्‍यांकडे देणारा कायदा २००५ मध्ये झाला. त्यातील पाणीवापर संस्थेचे सदस्यत्व लाभक्षेत्रातील जमिनीशी बांधलेले आहे. ज्याला जमीन नाही, त्याला पाण्याच्या कारभारात मत नाही. आणि जमीन कोणाला नाही, हे आम्ही सांगायला हवे काय? याच्या उलट नेदरलँड्समध्ये मध्ययुगापासून चालत आलेल्या जलमंडळांत आज १८ वर्षांवरील प्रत्येक रहिवाशाला मतदानाचा अधिकार आहे, त्याच्या नावावर जमीन असो वा नसो. नक्कल करायचीच तर याची करा.

म्हणून तापी खोर्‍यातील कार्यकर्त्यांनी चार मागण्या लावून धराव्यात. खोर्‍याचा प्रत्येक मसुदा मराठीत छापून गावोगावी ठेवावा आणि हरकतींना युरोपप्रमाणे सहा महिने द्यावेत. आराखड्यात वस्तीनिहाय नोंद असावी, की पाण्याचा स्रोत कोठे आहे, तो कोणाच्या आळीत आहे आणि उन्हाळ्यात तो कोणासाठी आधी आटतो. खोर्‍याच्या सल्लामसलतीत भूमिहीन, आदिवासी आणि स्त्रिया यांना हक्काच्या जागा असाव्यात. आणि वस्ती अनधिकृत आहे, या सबबीवर कोणाचेही पिण्याचे पाणी रोखू नये.

गावाची सरासरी काढली की दलित वस्तीचा कोरडा नळ दिसत नाही. युरोपने नदीसाठी सर्वात वाईट कसोटी हा नियम केला. तोच नियम माणसांना लावा. ज्या खोर्‍यात शेवटच्या वस्तीला पाणी नाही, ते खोरे नापास, मग त्याच्या धरणात कितीही पाणी असो. ही अट आराखड्यात लिहून घेण्याची वेळ मसुदा तयार होत असतानाच असते. आराखडा मंजूर झाल्यावर मोर्चे काढून काही होत नाही. चळवळीच्या अभियंत्यांनी, वकिलांनी आणि ग्रामपंचायतीतील आमच्या सदस्यांनी आतापासूनच हे कागद मागवावेत, वाचावेत आणि हरकती लेखी द्याव्यात. महाडचा ठराव दप्तरात पडून राहिला होता. तापीचा आराखडा तसा पडू द्यायचा नसेल, तर तो आपल्या हाताखालून गेला पाहिजे.