अंगणातली बाग : उतावळा तेरडा

बालमित्रांनो, तेरड्याची पिकलेली शेंग कधी चिमटीत धरली आहे? हलकेच दाबा. फट्‌कन फुटते, साली गुंडाळतात आणि बिया उडतात! तेरड्याच्या शास्त्रीय नावात 'इम्पेशन्स' हा शब्द आहे. त्याचा अर्थ उतावीळ. माझ्या चौथीच्या वर्गाला हे नाव फार आवडलं. का, ते त्यांच्या आईबाबांना विचारा!

दोन वर्षांपूर्वी शाळेच्या कुंपणालगत तेरडा मस्त फुलला होता. कित्येक घरी तेरड्याची रोपंच गौर म्हणून आणतात. मुलांनी भराभर सगळी रोपं मुळासकट उपटली. मीही कौतुकाने पाहत राहिले. पुढच्या पावसात काय? नुसतं गवत आणि कोपऱ्यात दोन रोपं! चूक माझीच. तेरडा एका पावसाळ्याचा पाहुणा. शेंगा पिकण्याआधीच उपटला, तर बी पडणार कुठून?

मग आम्ही ती दोन रोपं जपली. शेंगा फुगल्यावर त्यांना पातळ कापडाच्या पुरचुंड्या बांधल्या. शेंगा आतच फुटल्या, बिया आयत्या मिळाल्या. त्या सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवल्या.

तुम्हीही करून पाहा. जूनमध्ये पाऊस सुरू झाला, की बिया मातीत पेरा. वर मातीचा अगदी पातळ थर द्या. रोपांना चार-पाच पानं आली, की दोन रोपांत वीतभर अंतर ठेवा. कुंडी असेल तर तळाला भोक हवंच, कारण पाणी साचलं की खोड कुजतं. पावसाने दडी मारली, तर मात्र रोज पाणी घाला. दुपारचं कडक ऊन नसलेली जागा उत्तम. साधारण दोन महिन्यांत फुलं येतील.

पानावर शेपटीशी शिंग असलेली जाडजूड अळी दिसली तर मारू नका हं! तिचाच पुढे मोठा पतंग होतो. औषध फवारू नका. चार पानं तिला खाऊ द्या.

आता आमच्या वर्गाचा नियम ऐका. पाच रोपांपैकी दोन गौरीला, तीन बियांना. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' असं मोठी माणसं म्हणतात. रंग जाईना का, बी राहिलं की तेरडा पुन्हा येतोच!

यंदा तुमच्या घरी किती रोपं राखणार? आजीला विचारून ठरवा बरं!